शिकागोचा सेंट आणि मोंढ्यातला क्विंटल

(लातूर येथे व्यापारी, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जून 2025 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढच्या दोन वर्षांसाठी जैवइंधनाच्या मिश्रणाची उद्दिष्टं प्रस्तावित केली. बाजाराने धरली होती त्यापेक्षा ती मोठी निघाली आणि शिकागोच्या शेतमाल बाजारात सोयातेलाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरणारा भाव, दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन चिकटला. तेल तेज म्हणजे सोयाबीन तेज, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. मोंढ्यात, म्हणजे आपल्या बाजार समितीच्या आवारात, मात्र सोयाबीन हमीभावाच्या खालीच पडून राहिलं. घरात ठेवलेला माल ज्यांनी तेलाच्या बातमीवर आणखी थांबवला, त्यांच्या पदरात काही पडलं नाही. तेल चढलं तर बी का चढलं नाही? मार्केट स्ट्रॅटेजिस्ट नावाचा माणूस दिवसभर करतो काय, हे समजून घ्यायला हा एक प्रश्न पुरेसा आहे. म्हणून आज शेअर बाजारापासून सुरुवात न करता सोयाबीनपासून करू.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्ट्रॅटेजिस्ट म्हणजे टिप देणारा नव्हे. अर्थशास्त्रज्ञ महागाई किती राहील, वाढीचा दर किती राहील, हे सांगतो. कंपनीचा विश्लेषक एका कंपनीचे ताळेबंद उकलतो. या दोघांच्या मधली जागा स्ट्रॅटेजिस्टची. जगात एक घटना घडली, तर ती कोणत्या वाटेने, किती दिवसांत आणि किती रुपयांनी या भावापर्यंत पोचते, आणि त्यातला किती भाग बाजाराने आधीच धरून टाकला आहे, एवढं त्याने सांगायचं असतं. ‘परिणाम होईल’ हे कुणीही सांगतो. किती रुपये, हे ज्याला सांगता येत नाही त्याला ती साखळी अजून कळलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

साखळीची पहिली कडी मापांची, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. शिकागोत सोयाबीनचा भाव बुशेलला सेंटमध्ये बोलतात. बुशेल हे मुळात वजन नव्हे, आकारमानाचं माप. आपली पायली ज्वारीची वेगळी भरते आणि करडईची वेगळी, तसंच. सोयाबीनचा बुशेल 60 पाउंडांचा, म्हणजे 27.2 किलोचा, मक्याचा 56 पाउंडांचा, म्हणजे 25.4 किलोचा. एका टनात सोयाबीनचे 36.74 बुशेल बसतात. समजा वायदा 1,050 सेंट आहे. म्हणजे बुशेलला साडेदहा डॉलर, टनाला सुमारे 386 डॉलर. हिशेबासाठी डॉलर 90 रुपयांना धरला, तर क्विंटलला साधारण 3,470 रुपये. सोयापेंडीचा वायदा मात्र टनात नसून शॉर्ट टनात असतो, आणि शॉर्ट टन 907 किलोचा. ‘पेंड 300 डॉलर’ ही बातमी वाचून थेट 90 ने गुणलं की किलोला 27 रुपये येतात; खरा आकडा 29 रुपये 75 पैसे. सोयातेल पाउंडाला सेंटमध्ये, मलेशियाचं पामतेल टनाला रिंगिटमध्ये, न्यूयॉर्कचा कापूस पाउंडाला सेंटमध्ये आणि आपला रुईचा सौदा 356 किलोच्या खंडीत. एक खंडी म्हणजे जवळपास 785 पाउंड. कापूस 65 सेंट असेल तर खंडीला 510 डॉलर, 90 च्या दराने सुमारे 45,900 रुपये. ही रूपांतरं एका कागदावर लिहून टेबलावर चिकटवून ठेवा. दर वेळी डोक्यात करू नका.

आता तो 3,470 चा आकडा पाहा. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328. मग परदेशातलं स्वस्त सोयाबीन जहाजाने येऊन आपला बाजार झोपवत का नाही? कारण तिकडचं जवळपास सगळं बी जनुकीय बदल केलेलं आहे, ते आपण येऊ देत नाही, आणि वर जबर आयातशुल्क आहे. बी येत नाही. त्याचे दोन तुकडे मात्र वेगवेगळ्या दारांनी आत येतात. तेल थेट आयात होऊन येतं. पेंड सहसा येत नाही, पण आपली पेंड बाहेर जाताना तिला त्या स्वस्त पेंडीशी टक्कर द्यावी लागते. लातूरचा भाव ठरतो तो या दोन दारांवर. शिकागोच्या बियाच्या भावाकडे टक लावून बसणारा चुकीच्या दाराशी उभा असतो.

हे जवळून पाहू. मिलवाला क्विंटलभर सोयाबीन घेतो. सॉल्व्हंट प्लांटमधून त्याला साधारण 18 किलो तेल आणि 81 किलो डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड मिळते. उरलेलं घट आणि कचऱ्यात जातं. समजा तेल किलोला 120 रुपये आणि पेंड 34 रुपये. तेलाचे झाले 2,160, पेंडीचे 2,754. एकूण 4,914. त्यातून गाळपाचा खर्च, तेल विरघळवून काढणारं हेक्झेन, वीज, मजुरी मिळून 200 रुपये धरले, तर 4,714 हा प्लांटवर पोच माल घ्यायचा त्याचा कमाल भाव. आडत, हमाली, बाजार फी, भाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हातात येतो तो आणखी खालचा आकडा. प्रत्येक प्लांटचा खर्च वेगळा असतो. तुमच्या ओळखीच्या मिलचा आकडा विचारून इथे घाला.

या गणितातले दोन गुणक पाठ करून ठेवा. तेल किलोमागे एक रुपयाने हललं की बी क्विंटलमागे 18 रुपयांनी हलतं. पेंड किलोमागे एक रुपयाने हलली की बी 81 रुपयांनी हलतं. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, सरकारी कागदात ते तेलबियांतच बसतं, टीव्हीवर बातमीही तेलाचीच येते. पण वर धरलेल्या भावाने पाहिलं तर मिलच्या वसुलीतला निम्म्याहून जास्त पैसा पेंडीचा आहे. भुईमूग, करडई, सूर्यफूल यांत तेलाचा वाटा मोठा असतो. सोयाबीनचं तसं नाही. सोयाबीन हे व्यवहारात कोंबडीच्या खाद्याचं पीक आहे, तेल त्याच्यासोबत निघतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. अमेरिकेत जैवइंधनासाठी तेलाची मागणी वाढली की तिथले कारखाने जास्त बी गाळतात. गाळपात तेल वेगळं आणि पेंड वेगळी मागवता येत नाही. तिथल्या एका बुशेलमधून साधारण 11 पाउंड तेल आणि 44 पाउंड पेंड निघते. म्हणजे तेलाच्या प्रत्येक जादा किलोबरोबर चार किलो पेंड बाजारात येऊन पडते. कोंबड्या आणि डुकरं मात्र तेवढ्याच वेगाने वाढत नाहीत. तेलाची तेजी आणि पेंडीची मंदी ही म्हणून एकाच कारणाची दोन फळं. इंडोनेशियाने 2025 पासून डिझेलमध्ये 40 टक्के पामजन्य इंधन मिसळायचं ठरवलं, ब्राझीलने त्याच वर्षी ऑगस्टपासून मिश्रण 15 टक्क्यांवर नेलं. तिन्ही देशांचं धोरण एकाच दिशेला. तेलाला खालून आधार मिळाला, आणि अमेरिका-ब्राझीलमध्ये त्यासाठी गाळप वाढलं तसा पेंडीचा ढीग मोठा झाला.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली, आणि ती बाहेरून आलेली नाही. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर वजनाच्या साधारण 30 टक्के कोरडा चोथा उरतो, त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये 45 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि तो सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो. पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य करणाऱ्यांनी पेंडीचा काही वाटा कमी करून तिथे हा चोथा घातला. पूर्ण पेंड काढता येत नाही; डीडीजीएसमध्ये लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो, शिवाय ओला साठवला तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती. तरी जेवढी पेंड हटली तेवढी हटली. मक्याचा भाव, इथेनॉलचा भाव आणि सोयाबीनचा भाव हे एका दाव्याला बांधलेले झाले आहेत. मक्याला चांगला भाव मिळतो म्हणून सोयाबीन मोडून मका घेणाऱ्याने ही गाठ ध्यानात ठेवावी.

याच पट्टीने 14 सप्टेंबर 2024 चा निर्णय मोजून पाहू. केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. कृषी उपकर 5 टक्के आधीचाच होता, आणि या दोन्हींच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे प्रत्यक्ष शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर गेलं. तेल टनाला 1,000 डॉलर धरलं तर फरक 220 डॉलरचा. तेव्हाच्या 84 रुपयांच्या दराने किलोमागे साडेअठरा रुपये. गुणिले 18. बियाच्या क्विंटलमागे 333 रुपये. काढणीच्या तोंडावर आलेला निर्णय, चांगला घसघशीत आधार. पण पेंड किलोमागे चार रुपये पडली की 324 रुपये गेले. त्या हंगामात जगभर पेंडीचा पूर होता, डिसेंबरपर्यंत शिकागोचा पेंडीचा वायदा 300 डॉलरच्या खाली आला, आणि आपल्याकडे हमीभाव 4,892 असताना सोयाबीन त्याच्या बऱ्याच खाली विकलं गेलं. शुल्क वाढवूनही भाव का नाही, असा राग तेव्हा गावोगाव होता आणि तो योग्यच होता. शुल्काने तेलाचं दार अडवलं, पेंडीचं दार उघडंच राहिलं. पुढे 31 मे 2025 पासून तेच मूळ शुल्क 10 टक्क्यांवर आणलं, प्रत्यक्ष 16.5 टक्के झालं. वरच्या पद्धतीने त्याचा क्विंटलमागे फटका किती, हे विद्यार्थ्यांनी घरी काढून पाहावं. करताना एक पथ्य: शुल्क बिलाच्या रकमेवर लागत नाही. सरकार दर पंधरवड्याला टॅरिफ व्हॅल्यू, म्हणजे शुल्कासाठी धरायची किंमत, जाहीर करतं, त्यावर लागतं, आणि डॉलरचा दरही सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेला घ्यायचा. बाजारातला ताजा दर घातला की हिशेब हलतो.

डॉलरची कडी लहान आहे. टनाला 1,100 डॉलरचं तेल, रुपया 88 वरून 90 वर घसरला, तर किलोमागे 2 रुपये 20 पैसे, बियाच्या क्विंटलमागे 40 रुपये. परिणाम आहे, पण भीती दाखवली जाते तेवढा नाही. इथे चूक होते ती वेगळीच. टीव्हीवर ‘डॉलर इंडेक्स चढला’ म्हणतात आणि लोक रुपया पडणार असं धरतात. त्या निर्देशांकात रुपया नाही, चीनचा युआनही नाही. त्यात सहाच चलनं आहेत: युरो एकटा 57.6 टक्के, मग येन, पाउंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक. युरोपात काही बिघडलं तरी तो चढतो. रुपयासाठी पाहायचं ते कच्चं तेल, परदेशी संस्थांची रोजची खरेदी-विक्री, व्यापारतूट आणि रिझर्व्ह बँक कोणत्या पातळीवर डॉलर विकायला उतरते ते.

तरी व्याजदराची साखळी डोक्यात असावीच, कारण ती एकदम तुटते. मे 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आटोपती घ्यायचा नुसता इशारा दिला, तर ऑगस्टअखेर रुपया 55 च्या आसपासवरून 68 च्या पुढे गेला. 31 जुलै 2024 ला जपानच्या मध्यवर्ती बँकेने दर पाव टक्क्यावर नेला. पाव टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण शून्याजवळच्या व्याजाने येन उसने घेऊन ते पैसे जगभर गुंतवलेले होते. येन महाग होऊ लागला, उसनवारी परत करायची घाई झाली, आणि 5 ऑगस्टला टोकियोचा निक्केई एका दिवसात 12 टक्क्यांहून जास्त कोसळला. आपला सेन्सेक्सही त्या दिवशी दोन हजारांवर अंकांनी पडला. भारतात त्या दिवशी वाईट काहीच घडलेलं नव्हतं. कुणाचा पैसा कुठून उसना आला आहे, हे पाहणं स्ट्रॅटेजिस्टच्या कामातला अवघड भाग आहे, कारण तो आकडा कोणत्याही एका तक्त्यात मिळत नाही.

आता वेळापत्रक. अमेरिकेच्या कृषी खात्याचा जागतिक मागणी-पुरवठ्याचा अहवाल दर महिन्याला, बहुधा 8 ते 12 तारखेच्या दरम्यान येतो. तिकडची दुपारी बाराची वेळ. आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मलेशियाचा पामतेलाचा बाजार आपल्या सकाळी आठला उघडतो. मोंढ्यात सौदा निघायच्या आत रात्रीचा शिकागो आणि सकाळचा मलेशिया दोन्ही प्लांटच्या भावात उतरलेले असतात. आडत्याला फोन करून ‘आज काय?’ विचारण्याआधी हे दोन आकडे पाहिले, तर तो सांगेल ते किती रास्त हे लगेच कळतं. आपले स्वतःचे वायदे डिसेंबर 2021 मध्ये सेबीने, म्हणजे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, थांबवले. सोयाबीन, सोयातेल, मोहरी, हरभरा अशा सात शेतमालांचे. ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्यामुळे पुढच्या महिन्याचा भाव इथल्या इथे दिसायची खिडकीच बंद झाली. माझ्या मते हे शेतकरी कंपन्यांचं मोठं नुकसान आहे. ज्यांच्याकडे परदेशी भाव वाचायची सोय आहे, त्या मोठ्या खरेदीदाराला त्याची झळ कमी लागते.

अहवाल वाचताना पाहायचं ते शिल्लक साठ्याचं एकूण वापराशी प्रमाण. साठा 30 कोटी बुशेल आणि वापर 430 कोटी, तर 7 टक्के, म्हणजे जेमतेम 25 दिवसांचा माल. साठा आधीच असा आवळलेला असताना आणखी दोन कोटी घटले तर भाव उसळतो. हेच प्रमाण 15 टक्के असेल तर दोन कोटींची कुणी दखलही घेत नाही. आणि साठा घटल्याचा आकडा आला तरी भाव पडतो, हे कोडं दर वेळी कुणीतरी विचारतं. अहवालाआधी वृत्तसंस्था जाणकारांचे अंदाज गोळा करून त्यांची सरासरी छापतात. सरासरी 28 कोटी साठ्याची होती आणि आला 30, तर मागच्या महिन्यापेक्षा तो कमी असला तरी भाव पडणार. भाव हलतो तो अपेक्षेशी असलेल्या फरकावर. म्हणून अपेक्षित आकडा कागदावर लिहून मगच अहवाल उघडायचा.

शिकागो म्हणजे जग नव्हे, हेही एकदा ठळकपणे सांगतो. जगाच्या सोयाबीन व्यापारातला निम्म्याहून जास्त माल एकटा चीन घेतो. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावलं. शिकागो पडलं. पण ब्राझीलच्या बंदरावर शिकागोच्या वर द्यावा लागणारा प्रीमियम त्याच वेळी वाढला, कारण चीनची बोट तिकडे वळली. नुसता वायदा पाहणाऱ्याला जगात मंदी दिसत होती, बंदरावर माल घेणाऱ्याला नाही. वायदा अधिक प्रीमियम अधिक जहाजभाडं, या तिन्हींची बेरज म्हणजे खरा भाव.

पावसाची कडी आपल्या जिव्हाळ्याची. प्रशांत महासागराच्या मध्य विषुववृत्तीय पट्ट्यातलं पृष्ठभागाचं तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश वर गेलं आणि तिथेच टिकलं तर एल निनो, अर्धा अंश खाली टिकलं तर ला निना. एल निनो म्हणजे दुष्काळ, असं सरसकट समीकरण धरू नका. 1997 चा एल निनो प्रचंड होता, पण देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. 2023 मध्ये देशाचा पाऊस सरासरीच्या 94 टक्के, कागदावर फार वाईट नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि सोयाबीनला फुलं-शेंगा लागायच्या ऐन दिवसांत खंड पडला. हंगामाची बेरीज पाहणारा फसला. मराठवाड्यासाठी ऑगस्टचे आठवडे मोजावे लागतात.

याची दुसरी बाजू अर्जेंटिनात आहे. ला निनात आपल्याकडे पाऊस बरा होण्याकडे कल असतो आणि अर्जेंटिनात अवर्षणाकडे. तिथलं 2022-23 चं पीक आधीच्या वर्षीच्या सुमारे 44 दशलक्ष टनांवरून 25 वर आलं. अर्जेंटिना पेंड आणि सोयातेल निर्यात करणारा बडा देश, म्हणून पेंड तेज झाली. एल निनोत उलटं: अर्जेंटिनात पाऊस चांगला, पेंड भरपूर, आणि आपल्याकडे पीक जळालेलं. मराठवाड्यातला शेतकरी त्या वर्षी दोन्हीकडून मारला जातो. हातात माल कमी आणि त्याला भावही नाही. ‘पीक कमी आलं, आता भाव वाढेल’ हा दिलासा स्थानिक भाजीपाल्याला लागू पडतो. सोयाबीनला नाही, कारण जगाच्या उत्पादनात भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

आकड्यांच्या खोड्यांबद्दल थोडक्यात. किरकोळ महागाई ऑक्टोबर 2024 मध्ये 6.21 टक्के होती, ऑक्टोबर 2025 मध्ये 0.25. सरसकट स्वस्ताई आली असा याचा अर्थ नाही. वर्षभरात भावांची सरासरी पाव टक्क्याने वाढली, आणि तुलना ज्या पातळीशी आहे ती आधीच उंच होती. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा दर महिन्याला बाजार हलवतो, पण ऑगस्ट 2024 मध्ये आधीच्या वर्षभराचा तोच आकडा प्राथमिक सुधारणेत 8 लाख 18 हजारांनी खाली आला. आणि शेअर बाजारवाल्यांसाठी एक: मार्च 2021 च्या अखेरीस निफ्टीचं पी-ई गुणोत्तर, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, काढायची पद्धत बदलली, एकट्या कंपनीच्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह नफा धरू लागले, आणि 40 च्या आसपासचा आकडा एका रात्रीत 33 झाला. बाजार तसूभरही स्वस्त झालेला नव्हता. तो जोड न पाहता वीस वर्षांचा आलेख काढून ‘सरासरीपेक्षा स्वस्त’ म्हणणारे आजही भेटतात.

जाणकारांची हुकमी खूणही चुकते. अमेरिकेत दोन वर्षांच्या रोख्याचं व्याज दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त झालं की मंदी येते, ही खूण अनेक दशकं खरी ठरत आली होती. जुलै 2022 पासून दोन वर्षांहून जास्त काळ ती उलटी स्थिती राहिली आणि त्या काळात मंदी आली नाही. म्हणून चांगल्या टिपणात तीन गोष्टी आधीच लिहिलेल्या असतात: अंदाज किती मुदतीचा, तो कोणत्या कड्यांवर उभा आहे, आणि कोणता आकडा आला तर तो मोडला असं मानायचं. तिसरी गोष्ट नसलेलं टिपण मी वाचत नाही. सरकारी निर्णयाची कडी त्यात वेगळी मांडावी. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन 10 हजारांच्या घरात गेल्यावर केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या बियाची पेंड आयात करू दिली. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं, तेही आपला कापूस यायच्या तोंडावर. असे निर्णय तारखेसह सांगता येत नाहीत, पण भाव कोणत्या पातळीला गेला की त्यांची शक्यता वाढते, हे सांगता येतं.

शेवटी हे सगळं आपल्या घरातल्या पोत्यांना लावू. समजा आज भाव 4,400. चार महिने थांबायचं का? आधी थांबण्याची किंमत काढा. व्याज महिन्याला एक टक्का: चार महिन्यांचे 176. गोदामभाडं महिन्याला क्विंटलमागे 10 धरलं तर 40. आणि जी नेहमी विसरली जाते ती घट: माल 12 टक्के ओलाव्यावर ठेवला आणि 10 वर सुकला, तर 100 किलोचे 97.8 किलो राहतात. म्हणजे 98 रुपये. एकूण 314. कोरड्या मालाला कपात कमी लागते, त्याचे जे पैसे वाचतील ते यातून वजा करा. नाही तर 4,400 अधिक 314, म्हणजे 4,714 च्या खाली विकणं म्हणजे आजच विकण्यापेक्षा तोटा. आता दुसरी बाजू. समजा तुमचा विचार असा, की 4,500 मिळण्याची शक्यता 50 टक्के, 5,000 ची 20 आणि 4,000 ची 30. शक्यतांनी गुणून बेरीज येते 4,450. थांबण्याची किंमतही निघत नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्याने तर त्या 30 टक्क्यांकडेच पाहावं, सरासरीकडे नाही. तुमचा माल 12 टक्के ओलाव्याच्या आत असेल आणि हमीभाव केंद्रावर नंबर लागत असेल, तर यातलं कुठलंही गणित 5,328 पुढे टिकत नाही; नोंदणी आधी करा.

आणि ज्याला थांबायचंच आहे त्याने दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत काय येतं ते पाहावं. ब्राझीलचं पीक जानेवारीअखेर निघू लागतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत बंदरावर येतं. आपण थांबतो नेमके त्याच काळात. जानेवारीच्या अहवालात अमेरिकेच्या उत्पादनाचा अंतिम आकडा असतो आणि अर्जेंटिनाच्या पावसाची पहिली खरी नोंद उमटते. त्या रात्री साडेदहानंतर पेंडीचा वायदा किती डॉलरने हलला ते बघा, 0.907 ने भागा, रुपयात आणा, किलोवर उतरवा आणि 81 ने गुणा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लांटचा भाव त्याच्या आसपास हलला, तर साखळी धरून आहे. नाही हलला, तर मधली कोणती कडी वेगळी वागते आहे ते शोधायला त्या दिवशीचा सौदा सुटेपर्यंत वेळ आहे.